तीन महिन्यांनंतर काय झालं? : खर्र्याच्या मुलखातल्या दंतसंशोधनाविषयी

(हुडकेश्वर, नागपूर येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे हे शब्दांकन. वक्ते मुखविकृतिशास्त्राचे निवृत्त अध्यापक आहेत. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली असून पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न व त्यांची उत्तरे दिली आहेत.)



म्हाळगी नगर चौकातून हुडकेश्वर रस्त्याला लागलो आणि सवयीनं पानठेले मोजायला लागलो. थोड्या वेळानं मोजणं सोडून दिलं. प्रत्येक ठेल्यावर तेच दृश्य. सुपारीचे तुकडे, तंबाखू, चुना, वरून पाण्याचा शिपका, आणि पन्नीत गुंडाळून चाललेलं ते घोटणं. पुण्या-मुंबईच्या माणसाला खर्रा म्हणजे काय हे समजावून सांगावं लागतं. इथं त्याची गरज नाही.

आज मला खर्र्याबद्दल बोलायचं आहे, पण व्यसनमुक्तीचं भाषण द्यायचं नाही. ती भाषणं तुम्ही पुष्कळ ऐकलीत. मला बोलायचं आहे ते आमच्याबद्दल, म्हणजे खर्र्यानं बंद झालेल्या तोंडांवर संशोधन करणाऱ्या आम्हा दंतवैद्यांबद्दल. आमचं संशोधन कसं आहे, ते कुणाच्या उपयोगाचं आहे, आणि ज्याच्या तोंडावर ते होतं त्याला त्यातून काय मिळतं, हा आजचा विषय. टीका करायची आहे. ती करण्याचा मला थोडा हक्क आहे, कारण ज्या प्रकारच्या प्रबंधांवर मी आज बोलणार आहे, तसल्या कितीतरी प्रबंधांवर गाईड म्हणून माझी स्वतःची सही आहे.

आधी आजार थोडक्यात सांगतो. त्याचं नाव ओरल सबम्युकस फायब्रोसिस. ओपीडीत येणारा माणूस हे नाव घेत नाही. तो म्हणतो, "तोंड उघडत नाही." निरोगी मोठ्या माणसाच्या तोंडात साधारण तीन बोटं उभी जातात. या आजारात हळूहळू दोन जातात, मग एक, आणि शेवटी चमचासुद्धा आडवा करून घालावा लागतो. गालाच्या आतली मऊ कातडी पांढुरकी पडते, दोरीसारख्या ताणलेल्या शिरा हाताला लागतात. तिखट लागलं की आग होते. कारण मुख्यतः सुपारी. सुपारीतलं अरेकोलीन हे द्रव्य तंतू बनवणाऱ्या पेशींना चेतवतं. सुपारीत तांबं असतं, त्यामुळे ते तंतू एकमेकांत घट्ट विणले जातात आणि शरीराला ते विरघळवता येत नाहीत. म्हणून "मी तंबाखू खात नाही, नुसती गोड सुपारी खातो" म्हणणाराही सुटत नाही. खर्र्यात तर दोन्ही आहेत. सुपारीनं तोंड बंद होतं, आणि सुपारी नि तंबाखू दोन्ही कॅन्सरकडे नेतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली सुपारीला, अगदी बिनतंबाखूच्या सुपारीलाही, कॅन्सरकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलेलं आहे.

हा आजार वैद्यकाच्या पुस्तकात आला तोही फार जुना काळ नाही. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी केनियातल्या पाच भारतीय बायकांमध्ये तो नोंदवला. पुढच्याच वर्षी मुंबईचे डॉ. जोशी यांनी त्याला सबम्युकस फायब्रोसिस हे नाव दिलं. म्हणजे या आजाराचं बारसंच महाराष्ट्रात झालं. आणि १९९८ मध्ये हजारे, गोयल आणि गुप्ता यांनी नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडियामध्ये जो अभ्यास छापला, तो आपल्या नागपूरच्या रुग्णांवरचा होता. सुपारी आणि पानमसाला खाणारे एका बाजूला, न खाणारे दुसऱ्या बाजूला, अशी तुलना करून त्यांनी सुपारीचा दोष दाखवला. हे मुद्दाम सांगतो, कारण "नागपुरात संशोधन होत नाही" असं माझं म्हणणं नाही. संशोधन भरपूर होतं. प्रश्न आहे तो कोणत्या प्रकारचं होतं हा.

आता एक प्रसंग सांगतो. बरीच वर्षं झाली. कॉलेजचं नाव सांगत नाही, माणसाचं तर नाहीच. एक ऑटोवाला होता, तिशीतला. तोंड जेमतेम दीड बोट उघडायचं. माझ्या एका विद्यार्थ्याच्या प्रबंधात तो बसला. आम्ही बारा आठवडे एका गटाला गोळ्या दिल्या, दुसऱ्या गटाला इंजेक्शनं. तो गोळ्यांच्या गटात. शेवटच्या दिवशी विद्यार्थ्यानं कॅलिपर लावून मोजलं, पाच मिलिमीटर वाढलं होतं. विद्यार्थी खूश, मी खूश. ऑटोवाला म्हणाला, "सर, तोंड तं उघडलं, पण तिखट काही खाता येत नाही अजून. अन् हे आता कॅन्सरचं तं होणार नाही न?"

मी त्याला म्हणालो, खर्रा खाऊ नकोस, येत राहा. केसपेपरवर विद्यार्थ्यानं लिहिलं, 'सुधारणा'. प्रबंध गेला, विद्यार्थी पास झाला, एक लेखही छापून आला. तो माणूस परत आला नाही, आणि आम्हीही त्याला शोधायला गेलो नाही. आमच्या तक्त्यात तो अजून 'सुधारणा' या रकान्यात आहे. त्यानं विचारलेले दोन प्रश्न, तिखट खाता येईल का आणि कॅन्सर होईल का, यांना आमच्या तक्त्यात रकानाच नव्हता.

माझी सगळी टीका खरं म्हणजे एवढीच आहे. पण ती नीट मांडायची तर असा प्रबंध तयार कसा होतो ते बघायला हवं.

एमडीएसचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा. पहिले सहा महिने विषय ठरवण्यात आणि एथिक्स कमिटीच्या मंजुरीत जातात. परीक्षेच्या साधारण सहा महिने आधी प्रबंध बांधून द्यावा लागतो. मधल्या काळात ओपीडी, प्रसव्याला गेलेल्या सहकाऱ्याची ड्युटी, सेमिनार, सगळं चालूच असतं. हाताशी दीड-पावणेदोन वर्षं. त्यात रुग्ण गोळा करायचे, औषध द्यायचं, मोजायचं, लिहायचं. मग विषय कसा निवडला जातो? जे औषध अमक्या कॉलेजात झालं नाही ते घ्या. लायकोपीन झालं असेल तर स्पिरुलिना घ्या. स्पिरुलिना झालं तर कोरफड. कोरफड झाली तर हळदीतलं कर्क्युमिन. मग दोन-दोन एकत्र करा. रुग्ण चाळीस-साठ. तीन महिने. व्हर्नियर कॅलिपर. झाला प्रबंध. विद्यार्थ्याला मी दोष देत नाही. त्याला पास व्हायचं आहे, आणि हे गणित आम्ही त्याच्यापुढे ठेवलेलं आहे.

आता असा एखादा लेख हातात आला तर तो कसा वाचायचा? चार ठिकाणी बोट ठेवून बघा.

पहिलं, काय मोजलं? जवळजवळ नेहमी वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर मोजलेलं असतं. ते मोजणं चूक नाही. तोंड उघडलं नाही तर माणूस जेवू शकत नाही, दात काढता येत नाही, आत एखादी गाठ वाढत असेल तर ती दिसतसुद्धा नाही. पण हे मोजणं सोपं आहे म्हणून ते सगळ्यात महत्त्वाचं ठरलं, हे चूक आहे. शिवाय ते वाटतं तितकं पक्कंही नाही. रुग्णाला "अजून थोडं उघडा, शाबास" म्हटलं की एखाद-दोन मिलिमीटर तिथंच वाढतात. आणि "शाबास" म्हणणारा बहुतेक वेळा तोच विद्यार्थी असतो, ज्यानं औषध दिलेलं आहे आणि ज्याला ते लागू पडायला हवं आहे. मोजणाऱ्याला गट माहीत असू नये, ही साधी अट. ती पाळली का, हे लेखात शोधा.

दुसरं, तुलना कशाशी केली? इथं मोठी गफलत होते. एक काल्पनिक उदाहरण देतो. समजा दोन गट आहेत. पहिल्या गटाला नवं औषध, तोंड २२ मिलिमीटरवरून २७ वर गेलं. दुसऱ्या गटाला जुनं औषध, २२ वरून २६ वर गेलं. लेखात काय लिहिलेलं असतं? 'नव्या औषधानं तोंड उघडण्यात लक्षणीय वाढ झाली', आणि पुढे एक भारदस्त पी-व्हॅल्यू. पण ती पी-व्हॅल्यू २२ आणि २७ मधली आहे. आपल्याला हवी आहे ती ५ आणि ४ मधली. हा फरक एका मिलिमीटरचा आहे, आणि एक मिलिमीटर म्हणजे काय ते मी आत्ताच सांगितलं. दोन्ही गटांत तोंड उघडलं, कारण दोन्ही गटांना आम्ही खर्रा सोडायला सांगितलं आणि दोन्ही गटांना तोंडाचे व्यायाम दिले. आइस्क्रीमच्या काड्या दातांत धरून रोज एकेक वाढवायची, हा व्यायाम तर फुकटात होतो. श्रेय मात्र कॅप्सूल घेऊन जाते.

तिसरं, जे आले नाहीत त्यांचं काय केलं? साठ जण सुरुवातीला होते, शेवटी अठ्ठेचाळीस राहिले. बारा जण 'फॉलोअपला आले नाहीत', म्हणून त्यांना हिशेबातून वगळलं. आता तुम्हीच सांगा, कोण येत नाही? ज्याचा खर्रा परत सुरू झाला तो डॉक्टरला तोंड दाखवायला कशाला येईल? ज्याला काही फरक पडला नाही तो ऑटोचा धंदा बुडवून कशाला येईल? म्हणजे अपयश घरी राहतं आणि यश ओपीडीत येऊन बसतं. मग सरासरी चांगली निघाली तर त्यात नवल नाही. त्यात आणखी एक भर. खर्रा सोडला की नाही हे रुग्णाच्या तोंडी उत्तरावरून लिहिलं जातं. तंबाखूसाठी लघवीतलं कोटिनिन तपासता येतं. नुसत्या सुपारीसाठी तितकी सोपी तपासणी आपल्या ओपीडीत नसते. निदान ठेल्यावर रोज किती पुड्या जातात एवढं घरच्यांना विचारून लिहावं, तर तेही अनेकदा नसतं.

चौथं, किती दिवस बघितलं? तीन महिने. फार तर सहा. सुपारीनं दहा-बारा वर्षांत बांधलेलं तोंड आपण बारा आठवड्यांत तपासून मोकळे होतो.

तुम्ही म्हणाल, हे एका निवृत्त मास्तराचं चिडणं आहे. म्हणून जगभरातल्या चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेनचं काय म्हणणं आहे ते बघू. २००८ मध्ये त्यांनी या आजाराच्या उपचारांचा आढावा घेतला. त्यांच्या निकषात बसल्या फक्त दोन चाचण्या, मिळून ४९ माणसं. निष्कर्ष, भरवशाचा पुरावा नाही. २०२४ मध्ये नवा आढावा आला. या वेळी ३० चाचण्या, २१७६ माणसं. भागाकार करा, एका चाचणीला सरासरी बहात्तर-त्र्याहत्तर. निष्कर्ष काय? अँटिऑक्सिडंट औषधांनी तोंड उघडण्यात काही मिलिमीटरचा फायदा होत असावा, एवढं बोलता येतं. बाकी बहुतेक पुरावा कमी किंवा अतिशय कमी खात्रीचा. सोळा वर्षांत माणसं चाळीसपटीहून जास्त वाढली, खात्री त्या मानानं फारच थोडी वाढली. ही दोन हजार माणसं कुठून तरी आली, बसनं आली, रोजी बुडवून आली, गालात सुया टोचून घेतल्या. त्यांचं देणं आपण फेडलेलं नाही, असं मला वाटतं.

आता हे असंच असायला हवं होतं का? नाही. आणि याचा दाखला परदेशात शोधायला नको, महाराष्ट्रातच आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे होमी भाभांच्या टीआयएफआरमध्ये, एक दंतसंशोधन विभाग होता. अणू आणि गणिताच्या संस्थेत दातांचे डॉक्टर काय करत होते, असं वाटेल. डॉ. फली मेहता, डॉ. दफ्तरी, संख्याशास्त्रज्ञ प्रकाश गुप्ता आणि डेन्मार्कचे पिंडबोर्ग, ही मंडळी गावोगाव हिंडत होती. १९६९ मध्ये त्यांनी देशातल्या पाच जिल्ह्यांतल्या पन्नास हजारांहून अधिक खेडुतांच्या तोंडांची पाहणी छापली. १९७२ मध्ये आपल्या महाराष्ट्रातल्या, पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची पाहणी छापली. एक लाख माणसं, घरोघर जाऊन, तोंड उघडायला सांगून. संगणक खिशात नव्हते त्या काळात. पुढे त्यांनी तीन जिल्ह्यांत तीसेक हजार लोकांचा दहा वर्षं पाठपुरावा केला. आणि मग छत्तीस हजार तंबाखूसेवकांना समजावून सांगितलं तर काय फरक पडतो हे पाहिलं. तो अभ्यास १९८६ मध्ये लॅन्सेटमध्ये आला.

त्यांच्या यादीतला मला सर्वांत आवडणारा अभ्यास मात्र लहान आहे. केरळातल्या एर्नाकुलम जिल्ह्यात सबम्युकस फायब्रोसिसचे ६६ रुग्ण त्यांनी सतरा वर्षांच्या काळात पुन्हा पुन्हा तपासले. १९८५ मध्ये मूर्ती आणि सहकाऱ्यांनी आकडा दिला, त्यांच्यापैकी ७.६ टक्के लोकांना तोंडाचा कॅन्सर झाला. म्हणजे पाच जणांना. बघा, ६६ म्हणजे आपल्या एमडीएसच्या प्रबंधाएवढीच संख्या. लहान असणं हे पाप नाही. फरक एवढाच की त्यांनी माणसं सोडली नाहीत, आणि ऑटोवाल्यानं जो प्रश्न विचारला तोच प्रश्न त्यांनी धरून ठेवला.

आणि आता गंमत ऐका. गंमत कसली, खेदाचीच गोष्ट आहे. आपल्या कुठल्याही कॉलेजातला या आजारावरचा प्रबंध उघडा, पहिल्या दोन-तीन पानांत हा ७.६ टक्क्यांचा आकडा बहुधा सापडेल. एर्नाकुलमचा आकडा, पाच माणसांवर उभा असलेला. तिथलं पान वेगळं, सवय वेगळी, काळ वेगळा. आपल्याकडे खर्रा आहे, तो तासन् तास गालात धरतात आणि तो पोरं शाळेपासून खातात. आपला आकडा त्याहून जास्त असेल, कमी असेल. पण प्रस्तावनेत उसना आकडा घ्यायचा आणि शेवटी तीन महिन्यांचे मिलिमीटर द्यायचे, ही आमची रीत होऊन बसली आहे.

कुणी म्हणेल, पाहण्या ठीक आहेत, पण औषधोपचाराची चाचणी एवढ्या मोठ्या प्रमाणात आपल्याकडे होत नाही. होते. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये २००४ ते २०१४ या काळात एक चाचणी झाली. प्रश्न साधा होता आणि सर्जन लोक त्यावर कित्येक दशकं भांडत होते. तोंडाचा कॅन्सर लवकर सापडला, मानेत गाठ लागत नाही. तर तोंडाचं ऑपरेशन करतानाच मानेतल्या गाठीही काढाव्यात, की गाठ दिसेपर्यंत थांबावं? चिठ्ठी टाकावी तसे दोन गट पाडले. ५०० रुग्णांचा निकाल डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये दिला. आधीच गाठी काढलेल्यांत तीन वर्षांनंतर ८० टक्के लोक जिवंत होते. थांबलेल्यांत ६७.५ टक्के. भांडण जवळजवळ मिटलं. या चाचणीत महागडं नवं औषध नव्हतं, नवं यंत्र नव्हतं. एक नीट विचारलेला प्रश्न होता, पुरेशी माणसं होती, आणि मोजलं होतं ते माणूस जगला की नाही. त्या पाचशेंतले कितीतरी जण आपल्या ओपीडीत येतात तसलेच असतील, तंबाखू खाणारे, लांबून आलेले, पैशानं बेजार.

आता आमच्या बाजूनं एक गोष्ट बोलली पाहिजे, नाहीतर टीका अर्धवट राहील. टाटासारखं मनुष्यबळ दंत महाविद्यालयांकडे नाही. पैसा नाही. विद्यार्थी तीन वर्षांनी जातो, गाईडची बदली होते. हे सगळं खरं आहे. माझ्या नोकरीत मीही हेच म्हणत आलो. पण निवृत्तीनंतर डोकं थोडं मोकळं झालं तेव्हा लक्षात आलं, की अडचण वेळेची नाही, सुटेपणाची आहे. प्रत्येक विद्यार्थी शून्यापासून सुरू करतो आणि शून्यावर सोडून जातो.

राज्यातली बहुतेक दंत महाविद्यालयं नाशिकच्या एकाच आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली आहेत. अभिमत विद्यापीठं वेगळी, पण तीही काही परकी नाहीत. विदर्भातल्या विभागांनी बसून एक समान आराखडा करायला काय हरकत आहे? पाच गोष्टी सगळ्यांनी सारख्याच मोजायच्या. तोंड किती उघडतं, गट माहीत नसलेल्या माणसानं मोजलेलं. आग किती होते. नेहमीचं जेवण जेवता येतं का. खर्रा सुटला का. आणि दरवर्षी एकदा, गालात काही संशयास्पद दिसतं का. पहिल्या वर्षीचा विद्यार्थी रुग्ण नोंदवेल, दुसरा त्यांना एक वर्षानं तपासेल, तिसरा दोन वर्षांनी. प्रबंध प्रत्येकाचा स्वतंत्र, रुग्ण मात्र सामाईक. रिले शर्यतीत काठी पुढे देतात तसं. दहा वर्षांत विदर्भाचा स्वतःचा आकडा हातात येईल, एर्नाकुलमकडून उसना घ्यावा लागणार नाही.

याला कोट्यवधी रुपये लागत नाहीत. एक रजिस्टर लागतं, रुग्णाचे नि घरच्या एकाचे असे दोन फोन नंबर लागतात, आणि ते रजिस्टर विद्यार्थ्याच्या बॅगेत न जाता विभागाच्या कपाटात राहावं लागतं.

दुसरी गोष्ट, आधी सांगून मग करणं. भारतात २००७ पासून चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही आहे, सीटीआरआय. १ एप्रिल २०१८ पासून तिथं चाचणी सुरू होण्याआधीच नोंद करावी लागते, मागाहून नाही. कारण सरळ आहे. काय मोजणार हे आधी लिहून ठेवलं नाही, तर दहा गोष्टी मोजून त्यांतली चांगली निघालेली एकच छापता येते. आणि छापून आलेला प्रत्येक आकडा खरा असतोच असं नाही. नॉर्वेत योन सुडबो नावाच्या संशोधकानं तोंडाच्या कॅन्सरवर लॅन्सेटमध्ये एक अभ्यास छापला होता, ९०८ माणसांचा. २००६ मध्ये उघड झालं की ती माणसंच बनावट होती. त्यांतल्या अडीचशे जणांची जन्मतारीख एकच होती. म्हणून कच्ची नोंद जपून ठेवणं आणि मागेल त्याला ती दाखवता येणं, याला महत्त्व आहे. आपल्याकडे फसवणुकीपेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे. कच्च्या नोंदी प्रबंधाबरोबर रद्दीत जातात.

याच नोंदींतून एक मोठा प्रश्न सुटू शकला असता. जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्रानं गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी घातली. पुढे सुगंधित तंबाखू आणि सुपारीवरही आली. पण खर्रा पाकिटात येत नाही, तो ठेल्यावर समोर घोटला जातो. मग बंदीनंतर आपल्याकडे या आजाराचे नवे रुग्ण कमी झाले, की गुटखा सोडून लोक खर्र्याकडे वळले? याचं उत्तर कुठल्याही नव्या गोळीपेक्षा मोलाचं आहे. ते आपल्या ओपीडीच्या केसपेपरांत पडलेलं आहे. सगळीकडे एकाच पद्धतीनं लिहिलं असतं, तर आज मी ते तुम्हाला सांगू शकलो असतो.

शेवटी तुमच्याशी थोडं. तुम्हाला वाटेल, हे डॉक्टरांचं आपसातलं भांडण आहे, आम्हाला कशाला? पण प्रबंध उभे राहतात ते तुमच्या तोंडांवर. इथून तुकडोजी पुतळ्याकडे गेलं की कॅन्सर हॉस्पिटल, पुढे मेडिकल आणि तिथंच शासकीय दंत महाविद्यालय. उद्या तुमच्यापैकी कुणाला किंवा तुमच्या पोराला अशाच एखाद्या ओपीडीत विचारलं जाईल, आमच्या अभ्यासात भाग घ्याल का? घ्या. नाही म्हणू नका. माझ्या बोलण्याचा असा अर्थ कुणी काढू नये की संशोधनात जाऊ नये. पण संमतीपत्र मराठीत मागा, वाचा, आणि तीन प्रश्न विचारा. यात तुम्ही काय शोधताय? तीन महिन्यांनंतर मला कोण बघणार? आणि निकाल काय लागला हे मला कळवणार का? विद्यार्थी गांगरेल, गाईड थोडा चिडेल. मीही चिडलो असतो. पण त्या ऑटोवाल्यानं हे तीन प्रश्न पहिल्याच दिवशी विचारले असते, तर आमचा प्रबंध आम्हाला वेगळा करावा लागला असता.



श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न (एक महिला) : सर, माझा मुलगा खर्रा खातो. तोंड अजून उघडतं. त्याला नुसतं तपासून आणल्यानं काही फायदा होतो का, की औषधच लागतं?

उत्तर : काकू, फायदा होतो, आणि हे मोठ्या चाचणीतून कळलेलं आहे. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात तेरा पंचायतींचे दोन भाग केले. काही पंचायतींत प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन लोकांची तोंडं तपासली, बाकीच्यांत नेहमीचीच व्यवस्था ठेवली. १९९६ पासून तीन फेऱ्या झाल्या. २००५ मध्ये निकाल आला. तंबाखू खाणाऱ्या किंवा दारू पिणाऱ्या लोकांमध्ये तोंडाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी झाले. सगळ्या लोकांचा मिळून विचार केला तेव्हा फरक तितका पक्का नव्हता. म्हणजे व्यसन आहे त्याला तपासणीचा उपयोग जास्त. त्याला घेऊन जा. आरशात बघायलाही शिकवा. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, नवी गाठ, यांतलं काही दिसलं तर थांबायचं नाही. आणि तोंड उघडतंय तोवर खर्रा सुटणं हाच मोठा उपचार. एकदा तंतू बांधले गेले की सोडूनही तोंड पूर्वीसारखं होत नाही, पण आणखी बिघडणं थांबू शकतं.

प्रश्न (एक विद्यार्थी) : सर, तुम्ही हळद, कोरफड वगैरेची थट्टा केली. आपल्या औषधांवर संशोधन करूच नये का?

उत्तर : करावं. थट्टा हळदीची नव्हती, आमच्या घाईची होती. हळद असो नाहीतर विलायती गोळी, मोजपट्टी तीच. तुझा विषय ठरला आहे का? नाही ना? मग एक कर. तुझ्या विभागात पाच वर्षांपूर्वी झालेला याच आजारावरचा एक प्रबंध काढ. त्यातले जितके रुग्ण आज सापडतील तितके शोध, अर्थात एथिक्स कमिटीची परवानगी घेऊन. त्यांचं तोंड तपास. किती जण भेटले, किती जणांचा खर्रा सुटला, किती जणांच्या गालात काय दिसलं, एवढंच लिही. नवं औषध एकही नसेल. परीक्षक कुरकुर करतील कदाचित. पण तो प्रबंध मी विकत घेऊन वाचीन.